पाळी उशिरा येते, अंगावरून कमी जातं: चिनी औषध घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, लग्न झालेलं, नोकरीसाठी सिंगापूरला आहात. गेलं दीड वर्ष पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते आणि दीड दिवसात आटोपते. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून ‘पीसीओएस असावं’ (बीज वेळेवर न सुटण्याचा हार्मोनचा विकार) म्हटलं आणि हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. त्या नकोत म्हणून ऑफिसातली मैत्रीण तुम्हाला तिच्या चिनी वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, ‘रक्त कमी, किडनी अशक्त, गर्भाशय थंड’ असं निदान केलं, तपकिरी भुकटीच्या पुड्या दिल्या आणि फ्रिजचं पाणी बंद केलं. त्यानंतरची पाळी ३४व्या दिवशी आली, पुढची पुन्हा ५२व्या. वर्षभरात मूल हवं आहे. पुड्या चालू ठेवू का, किडनी खरंच बिघडली आहे का, आणि कमी गेल्यामुळे ‘घाण रक्त’ आत साचतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर देते. पुड्या तूर्त थांबवा, अपुऱ्या राहिलेल्या तपासण्या पुऱ्या करा, आणि पाळी उशिरा का येते ते कळल्यावर पुन्हा ठरवा. चिनी औषध वाईटच असतं असं मला म्हणायचं नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ॲक्युपंक्चर शिकले, काही वर्षं केलंही, त्यामुळे त्या शास्त्राची मला भक्तीही नाही आणि ॲलर्जीही नाही. पण तुमच्या बाबतीत उपचार निदानाच्या पुढे धावले आहेत. हार्मोनच्या गोळ्यांचंही तेच झालं आणि पुड्यांचंही.

तुम्ही ‘उशिरा येते आणि कमी जातं’ हे एका दमात लिहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी असंच सांगतात, ‘डॉक्टर, पाळी साफ होत नाही.’ पण ही दोन वेगळी गाऱ्हाणी आहेत आणि त्यांचं वजन सारखं नाही. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. कुणाचं त्याहून कमी जातं. पाळी वेळेवर येत असेल, पूर्वीपासून तेवढंच जात असेल, तर त्यात बहुधा काही बिघाड नसतो. तांबी बसवलेली असेल आणि ती हार्मोनची असेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, जायला काही नसतंच. आत काही साचत नाही. ‘घाण रक्त अंगात राहिलं, म्हणून वजन वाढलं, तोंडावर पुटकुळ्या आल्या’ हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या सांगतात. पण पीसीओएसमध्ये वजन, पुटकुळ्या आणि लांबलेली पाळी ही तिन्ही एकाच मुळातून येतात, साचलेल्या रक्तातून नाही.

उशिरा येण्याचं मात्र तसं नाही. ३८ दिवसांपेक्षा जास्त अंतर वारंवार पडत असेल तर कारण शोधायलाच हवं. बीज सुटल्यानंतर पाळी यायला सुमारे चौदा दिवस लागतात आणि हा भाग फारसा हलत नाही. लांबतो तो आधीचा काळ. तुमची ५२ दिवसांची पाळी म्हणजे एक तर बीज ३८व्या दिवसाच्या आसपास सुटलं, किंवा सुटलंच नाही आणि अस्तर नुसतं वाढत जाऊन थोडं गळून पडलं. ही दुसरी शक्यता महिनोन्‌महिने चालू राहिली तर अस्तर जाड होत जातं, आणि पुढे त्यात नको ते बदल होऊ शकतात. म्हणून ९० दिवस उलटूनही पाळी आली नाही, तर गरोदरपण नाही याची खात्री करून आम्ही काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन ती आणवतो. ‘गोळीने आणलेली पाळी खरी नाही’ ही तुमची शंका रास्त आहे. ती बरं करत नाही. ती अस्तर राखते, एवढंच तिचं काम.

आता कारणं. पहिलं आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं: गरोदरपण. ज्या बाईची पाळी कधीच वेळेवर येत नाही तिला चुकली हे कळतच नाही. मग थायरॉइड. मग प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारा हार्मोन, आणि इथे तुम्हाला एक विचारते: ॲसिडिटीच्या कुठल्या कॅप्सूल खाता का? परदेशी राहणारे आपले लोक सुट्टीवर आले की वर्षभराच्या गोळ्या बॅगेत भरून नेतात, त्यात बऱ्याचदा डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड घातलेल्या पित्ताच्या कॅप्सूल असतात. दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात आणि पाळी पुढे ढकलतात. कॅप्सूल बंद केली की कित्येकींची पाळी रुळावर येते आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या दुसऱ्याच औषधाला जातं. पटकन उतरवलेलं वजन, रोजचं लांब धावणं, अर्धपोटी डाएट यांनीही मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप मंदावतो. चाळिशीच्या आत बीजकोश थकणं दुर्मीळ असलं तरी तुम्हाला मूल हवं आहे म्हणून एफएसएच आणि एएमएच या, बीजकोशात किती बीजं उरली त्याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या बघायला हव्यात.

वेळेवर येणारी पाळी अचानक कमी झाली तर दिशा बदलते. गर्भपातानंतर क्युरेटिंग झालं असेल तर गर्भाशयाच्या भिंती आतून चिकटलेल्या असू शकतात. पोट दुखतं, तारीख पाळली जाते, पण जेमतेम डाग पडतो. आणि भारतात वाढलेल्या बाईच्या बाबतीत गर्भाशयाचा क्षयरोग मनात ठेवावाच लागतो. सिंगापूरच्या डॉक्टरांना तो चटकन सुचेल असं नाही, म्हणून घरात कुणाला टीबी झाला होता का ते तुम्ही आपणहून सांगा.

सोनोग्राफीत ‘पॉलिसिस्टिक’ दिसलं म्हणजे पीसीओएस ठरत नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफी किंवा एएमएच, या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे आधी बाजूला सारावे लागतात. तुम्ही पाठवलेल्या यादीत या दोन्ही तपासण्या नाहीत.

आता चिनी वैद्य काय म्हणत होते ते बघू, कारण ते तुम्हाला नीट समजावून सांगितलं गेलेलं नाही. तुमची किडनी बिघडलेली नाही. खात्रीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करा, नॉर्मल येईल. चिनी वैद्यकात ज्याला किडनी म्हणतात त्यात लघवीपेक्षा वाढ, हाडं, केस आणि प्रजनन यांचा हिशेब जास्त आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात मुलीचं आयुष्य सातासातांच्या टप्प्यांनी सांगितलंय: सातव्या वर्षी दात बदलतात, चौदाव्या वर्षी ‘थ्येन ग्वे’ (प्रजननाची शक्ती) येतं आणि पाळी सुरू होते, एकोणपन्नासाव्या वर्षी ते आटतं. बीजकोश आणि हार्मोन ठाऊक नसताना केलेलं ते निरीक्षण आहे, आणि आकडे आजही फार चुकलेले नाहीत.

त्याच ग्रंथात पुढे, चाळिसाव्या अध्यायात, पाळी कमी होत होत बंद पडण्यावर एक नुस्खा आहे. बहुधा स्त्रीरोगावरचं ते चीनमधलं सर्वांत जुनं लिखित औषध. चार भाग कटलफिशचं हाड, एक भाग मंजिष्ठेच्या जातीची मुळी, चिमणीच्या अंड्यात मळून बारीक गोळ्या, वरून शंखजातीच्या प्राण्याचं कालवण. कटलफिशचं हाड म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन. त्याहून मला थबकायला लावतं ते तिथे दिलेलं कारण: तरुणपणी मोठा रक्तस्राव झालेला असणं. बाळंतपणात खूप रक्त गेल्यावर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी मरगळते, अंगावर दूध येत नाही आणि पाळी परतत नाही, हे आम्ही शीहान सिंड्रोम या नावाने शिकतो. त्या वैद्यांनी हेच पाहिलं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण रुग्ण नीट ऐकून घेणारी माणसं ती होती. उपाय मात्र समुद्रफेनात नाही, हार्मोन भरून देण्यात आहे.

चिनी स्त्रीरोगशास्त्र ‘उशिरा येणारी’, ‘कमी जाणारी’ आणि ‘बंद पडलेली’ पाळी असे तीन वेगळे विकार मानतं. मग प्रत्येकात प्रकार: रक्त कमी, किडनी अशक्त, थंडी बसलेली, मन कोंडलेलं, कफ साचलेला. बारीक अंगाची, फिकट जिभेची बाई आणि जाड, चिकट थराच्या जिभेची, पोट सुटलेली बाई यांना तिथे एकच औषध मिळत नाही. पीसीओएसमध्येही बारीक आणि जाड असे गट पडतात आणि त्यांची चिकित्सा आम्हीही थोडी वेगळी करतो, त्यामुळे हे वर्गीकरण मला निरर्थक वाटत नाही. अडचण अशी की एकाच बाईला दोन वैद्यांनी तपासलं तर दोघं एकच प्रकार सांगतील याची हमी नाही. आणि ‘रक्त कमी’ म्हणजे ॲनिमिया नव्हे. तुमचं हिमोग्लोबिन तेरा असलं तरी फिकट जीभ आणि बारीक नाडी पाहून ते तसं म्हणू शकतात. उलट खरा ॲनिमिया असेल तर त्याला लोहच लागेल.

पुड्यांवरची जी दोन नावं तुम्ही कळवलीत ती ओळखीची आहेत. ‘स वू थांग’ म्हणजे चार वस्तूंचा काढा: दांग ग्वे, छ्वान श्योंग, पांढऱ्या पिओनीची मुळी आणि वाफवून काळी केलेली रेहमानिया. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधसंग्रहात तो आहे, आणि तैवानमध्ये पाळी संपल्यावर बायका तो आपल्याकडच्या डिंकाच्या लाडवाइतक्या सहज घेतात. त्यातली ती रेहमानिया हातात घेऊन बघा कधी दुकानात गेलात तर. काळीभोर, चिकट, बोटांना लगेच सोडत नाही. दांग ग्वे चीनच्या गान्सू प्रांतातून येते, कापलेल्या चकतीला सेलरीसारखा उग्र वास असतो. दुसरं ‘वन जिंग थांग’, बारा वस्तूंचं, इसवी सन २००च्या आसपासचं, ‘थंड गर्भाशया’साठी. जपानमध्ये हेच औषध ‘उनकेइतो’ नावाने सरकारी विम्यात मिळतं.

त्या बारांत एक ‘अ ज्याव’ असतं. तुम्ही शाकाहारी असाल तर हे वाचा: तो गाढवाच्या कातड्याचा उकळून केलेला सरस आहे. त्याची मागणी इतकी वाढली की आफ्रिकेतली गाढवं कमी होऊ लागली आणि २०२४ साली आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवं मारण्यावर बंदी आणली. ‘वू जी बाय फंग’ या प्रसिद्ध गोळ्यांमध्ये काळ्या मांसाची कोंबडी असते, आपल्या कडकनाथसारखी. अशा औषधांच्या पाकिटावर हिरवा ठिपका नसतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

फायदा होतो का? चीनमध्ये यावर अभ्यास ढिगाने झाले आहेत, पण बरेचसे लहान आहेत, औषध कोणतं चाललंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत असलेले आहेत, आणि ‘बरी’, ‘बरीचशी बरी’, ‘थोडी बरी’ या तिन्हींची बेरीज करून ९० टक्के यश दाखवणारे आहेत. पीसीओएसमध्ये मूल होण्यासाठी चिनी वनौषधींचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावाच हाती लागला नाही. अनियमित पाळी मुळातच कधी ३४, कधी ५२, कधी ४१ दिवसांनी येते. सर्वांत लांबलेल्या पाळीनंतर माणूस वैद्याकडे जातो, आणि त्यानंतरची पाळी लवकर येण्याचीच शक्यता जास्त. तुमची ३४व्या दिवसाची पाळी पुड्यांनी आली की आपोआप, हे एका पाळीवरून ठरत नाही. पुढच्या ५२व्या दिवसाने तर उत्तर जवळपास दिलंच आहे.

ॲक्युपंक्चरबद्दल हातात जास्त भक्कम माहिती आहे. स्वीडनमधल्या छोट्या प्रयोगांत, सुयांमधून हलका विद्युतप्रवाह दिल्यावर पीसीओएसच्या स्त्रियांची पाळी थोडी जास्त वेळा आली होती. मग हार्बिनच्या चिनी वैद्यक विद्यापीठातल्या लोकांनीच पुढाकार घेऊन चीनमधल्या २१ केंद्रांवर १००० स्त्रियांचा अभ्यास केला, तो २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्यांना खरं ॲक्युपंक्चर, निम्म्यांना वरवरच्या सुया. त्यातही निम्म्यांना बीज सुटायला मदत करणारी क्लोमिफेनची गोळी, निम्म्यांना नुसती बिनऔषधाची गोळी. मूल झाल्याचं प्रमाण क्लोमिफेन घेणाऱ्यांत २८.७ टक्के, न घेणाऱ्यांत १५.४. खऱ्या सुयांच्या गटात २१.८, खोट्या सुयांच्या गटात २२.४. वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांमुळे आपल्याला चिनी वैद्यकाबद्दल एक हळवा कोपरा आहे, आणि भारतात ॲक्युपंक्चर आणलं ते त्याच वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंनी. तरीही या आकड्यांपुढे मी पाळीसाठी सुया टोचणं सोडलं. दुखण्यासाठी टोचते.

त्याच चमूने बर्बेरिनचाही अभ्यास केला, ६४४ स्त्रियांवर. हे द्रव्य चिनी ह्वांग ल्येनमध्ये असतं, आपल्या दारुहळदीतही असतं. लेट्रोझोल (हीसुद्धा बीज सुटण्यासाठीची गोळी) घेणाऱ्यांत ३६ टक्क्यांना मूल झालं, बर्बेरिनमध्ये २२ टक्क्यांना, दोन्ही एकत्र दिल्यावर ३४. मूल हवं असलेल्या पीसीओएसच्या बाईला आम्ही आज लेट्रोझोल आधी का देतो, ते यावरून कळेल. पाच दिवसांच्या गोळ्या असतात, सोनोग्राफीने बीज वाढताना बघता येतं. जास्त वजन असेल तर पाच टक्के उतरलं तरी बीज सुटायला मदत होते. तुम्ही उंची-वजन कळवलेलं नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाळी आणण्याच्या चिनी औषधांत ‘रक्त हलवणाऱ्या’ वस्तू घालतात, त्यातली एक म्हणजे होंग ह्वा. ती आपली करडई. मराठवाड्यात, सोलापूरकडे जिच्या बियांचं तेल काढतात तिच्या फुलांच्या पाकळ्या. गरोदरपणात ही औषधं चिनी वैद्यही वर्ज्य मानतात. आणि तुमची स्थिती अशी की मूल हवं आहे, पाळी ६० दिवस पुढे जाऊ शकते, आणि पुडी रोज चालू आहे. हे गणित जुळत नाही. दांग ग्वे रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्येष्ठमध बऱ्याच काढ्यांत असतं, सलग भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. केसांसाठी आणि ‘रक्त वाढवायला’ देतात त्या ह शोउ वू या मुळीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्सच्या एका बारीक होण्याच्या क्लिनिकात एका चिनी मुळीच्या जागी दुसरी विषारी मुळी गेली, तेव्हा शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. नाव सारखं, वनस्पती वेगळी.

सिंगापूरला असल्याचा तुम्हाला एक फायदा आहे: तिथे चिनी वैद्यांची कायद्याने नोंदणी होते आणि तयार औषधांवर सरकारी देखरेख आहे. भारतात चिनी वनौषधी आयुषच्या पद्धतींत बसत नाहीत, त्यामुळे इकडे ऑनलाइन मिळणाऱ्या पुडीची जबाबदारी कुणीच घेत नाही.

तपासण्या करूनही पुड्या घ्यायच्याच असं ठरलं, तर नोंदणी असलेल्या वैद्यांकडूनच घ्या आणि घटकांची छापील यादी मागा. मूल हवं आहे हे त्यांना पहिल्या भेटीतच सांगा. नवीन पाकीट फोडण्याआधी, आणि पाळी ३५ दिवसांपुढे गेली की दर आठवड्याला, लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. आधी आणि दोन महिन्यांनी यकृत-किडनीच्या रक्ततपासण्या करा. आणि परिणाम पाळीच्या तारखेवरून मोजू नका, बीज सुटलं का यावरून मोजा. नानजिंगचे श्या ग्वेइचंग हे चिनी स्त्रीरोगातले मोठे नाव. त्यांच्या पद्धतीत पाळीच्या चार टप्प्यांना चार वेगळी औषधं असतात. ती पद्धत चालवणारे वैद्य रुग्णाला रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तापमान लिहून ठेवायला सांगतात. बीज सुटल्यावर ते ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. हा आलेख तुम्ही ठेवा, पुड्या घ्या वा न घ्या. ओव्हुलेशनच्या पट्ट्यांवर पीसीओएसमध्ये विसंबू नका, त्या मोजतात तो एलएच हार्मोन मुळातच चढलेला असतो, रेघ उगाचच गडद येते. आणि कुणी २१व्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासायला सांगितलं तर नको म्हणा; ५० दिवसांच्या पाळीत तेव्हा ते कमीच येणार. तापमान चढल्यावर आठवड्याने करा. तीन महिन्यांत आलेख एकदाही चढला नाही, तर पुड्यांचा नाद सोडून लेट्रोझोलसाठी डॉक्टरांकडे जा.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओघात लिहिलंय की आईची पाळी दोन वर्षांपूर्वी गेली, आता मधूनच डाग पडतो, तर ‘वन जिंग थांग’ त्यांनाही पाठवू का; वैद्य म्हणाले, हे औषध मूळचं त्याच वयासाठी आहे. ते खोटं बोलले नाहीत. हे औषध ज्या जुन्या ग्रंथात आलंय त्यात पन्नाशीच्या, कित्येक दिवस अंगावरून जाणाऱ्या बाईलाच ते दिलेलं आहे. पण तेव्हा अस्तर तपासायची सोय नव्हती. पाळी गेल्यावर वर्षानंतर दिसलेला एक डागसुद्धा गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना हे बघेपर्यंत साधा मानायचा नसतो. आईंना आज फोन करा, याच आठवड्यात योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्यायला सांगा. अस्तर ४ मिलिमीटरहून जाड निघालं तर त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल, आणि पातळ निघूनही डाग पुन्हा दिसला तरीसुद्धा.